लाकडी डांब जमिनीलगतच का मोडतो? लाकडाची निवड, ट्रीटमेंट आणि रोवणी

मालदांडी

नमस्कार. माझी शेती मंगळवेढा तालुक्यात, भारी काळ्या जमिनीत आहे. मीटरपेटीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंतचे अंतर पावणेदोनशे मीटरच्या आसपास भरते. चार वर्षांपूर्वी या अंतरात मी निलगिरीचे सात डांब रोवले आणि त्यांच्यावरून जीआय तारेच्या आधाराने केबल नेली. प्रत्येक डांब सहा मीटर लांबीचा होता. रोवण्यापूर्वी बुडाकडच्या अडीच फुटांना डांबराचे दोन हात दिले होते, त्यामुळे आठ-दहा वर्षे तरी काळजी नाही, अशी माझी समजूत होती.

यंदाच्या वळवाच्या वाऱ्यात सातांपैकी तीन डांब आडवे झाले. तिन्ही एकाच जागी मोडले, जमिनीच्या वर-खाली वीतभर अंतरात. वरचे लाकूड इतके टणक आहे की त्यात खिळा ठोकताना वाकतो आणि जमिनीत राहिलेले अगदी तळाचे टोकही बऱ्यापैकी शाबूत निघाले. जेथे डांबर सर्वांत जाड होते, नेमके तेथेच लाकूड का गेले, हे मला समजलेले नाही. केबल जमिनीवर पडली तेव्हा वीज बंद होती म्हणून निभावले. त्याच बांधावरून माझी आई रोज सकाळी वैरण आणायला जाते.

नवीन डांब घ्यायचे आहेत. लाकूड कसे पारखावे, त्याला काय लावावे आणि मुळात लाकूडच घ्यावे का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वखारीतला

मालदांडी, आपण घेतलेले लाकूड बहुधा सेंट्रिंगची बल्ली असणार. सोलापुरात आमच्या घराण्याची लाकडाची वखार आहे आणि ती सांभाळणारी माझी तिसरी पिढी आहे. गेल्या काही वर्षांत शेतकरी ज्या निलगिरीच्या बल्ल्या डांब म्हणून नेतात, त्यांतील बहुतेक स्लॅबखाली टेकू देण्यासाठी तोडलेल्या असतात. टेकू काही आठवडे उभा राहिला की त्याचे काम संपते. तेच लाकूड मातीत रोवून त्याच्याकडून दहा वर्षांची अपेक्षा ठेवली, तर दोष लाकडाचा नाही. विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला सांगायला हवे आणि आमच्यापैकी अनेक जण सांगत नाहीत, हे मी मान्य करतो.

डांबाची पारख झाड उभे असल्यापासून सुरू होते. खोड सरळ हवे, म्हणजे बुडाच्या मध्यापासून शेंड्याच्या मध्यापर्यंत दोरी धरली तर ती लाकडाबाहेर जाता कामा नये. गाठी लहान आणि विखुरलेल्या असाव्यात. एकाच उंचीवर तीन-चार गाठींचे कडे असेल, तर वाऱ्यात डांब तेथेच मोडतो. लाकडाचे तंतू खोडाभोवती पीळ घालत वर गेले असतील, तर वाळताना सगळा डांब पिळवटतो आणि वर बसवलेली आडवी पट्टी वर्षभरात तिरकी होते. सालीवरून हा पीळ दिसत नाही. साल काढल्यावर बारीक भेगा कोणत्या दिशेला धावतात, ते पाहावे.

आता मुख्य मुद्दा. कोणतेही खोड आडवे कापले की आत गडद रंगाचा गाभा आणि त्याभोवती फिकट लाकडाचे कडे दिसते. झाड हे कडे पाणी वाहून नेण्यासाठी वापरते. पुस्तकात त्याला रसकाष्ठ म्हणतात. सागाचा किंवा साल नावाच्या वृक्षाचा गाभा स्वतःच्या बळावर मातीत वर्षानुवर्षे तग धरतो, पण त्याच झाडाचे फिकट कडे वाळवी आणि बुरशी थोड्याच काळात संपवतात. पाच-सहा वर्षांच्या निलगिरीत पक्का गाभा फारसा नसतोच. अशा लाकडात टिकाऊपणा बाहेरूनच घालावा लागतो.

उत्तर आणि पूर्व भारतात सालाचे, तर हिमालयाच्या बाजूला देवदार आणि चीड, म्हणजे तिकडचा पाइन, यांचे खांब वापरले गेले. चिडाचा गाभासुद्धा कच्चाच असतो, पण त्याचे लाकूड बुरशी-वाळवी मारणारे औषध चांगले पिते. म्हणून उघडा चीड लवकर कुजतो आणि ट्रीटमेंट केलेला चीड दशके टिकतो. अमेरिकेत आजही विजेचे कोट्यवधी खांब लाकडाचेच आहेत आणि त्यांत पाइनचा वाटा मोठा आहे, त्याचेही कारण हेच. ज्याचे फिकट कडे जाड, ते लाकूड आमच्या दृष्टीने कच्चे आणि ट्रीटमेंट करणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम.

तोडणी थंडीत केलेली बरी, कारण त्या दिवसांत किडीचा उपद्रव कमी असतो. साल त्याच आठवड्यात पूर्ण काढावी. सालीखाली ओल राहते आणि भुंगेरे तेथेच अंडी घालतात. त्यानंतर डांब जमिनीला टेकू न देता आडव्या ओंडक्यांवर, सावलीत आणि मध्ये हवा खेळेल असे रचावेत. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात ओली निलगिरी उघडी टाकली, तर तिची टोके संध्याकाळपर्यंत फाटतात. आम्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावतो आणि मोठ्या डांबांत एस आकाराची लोखंडी पट्टी ठोकतो.

मालदांडी

वखारीतले दादा, मनापासून आभार. ती सेंट्रिंगचीच बल्ली होती. पावतीवरही तसेच लिहिले आहे, मी नीट वाचले नव्हते.

आपला मजकूर वाचल्यावर मी एका मोडक्या डांबाचा जमिनीलगतचा तुकडा करवतीने आडवा कापला. डांबराचे कवच वाळक्या सालीसारखे अख्खेच्या अख्खे हातात आले. त्याच्या आतील बाजूला पाण्याचे थेंब होते. तुकडा दोन दिवस पडवीत पडून होता तरीही. कवचाखालचे लाकूड पांढुरके झाले आहे आणि बोटाने ओढले की भिजलेल्या सुतळीसारखे त्याचे तंतू सुटतात. त्यातून वाळवीने मातीच्या नळ्या वर नेल्या आहेत. मधला भाग मात्र घट्ट आहे. पट्टीने मोजले तेव्हा मूळ व्यास १४ सेंमी आणि मधला घट्ट भाग १० सेंमी भरला. म्हणजे चहूबाजूंनी फक्त २ सेंमी लाकूड गेले आहे. एवढ्यावर डांब मोडावा, याचे आश्चर्य वाटते.

जुना लाइनमन

मालदांडी, आश्चर्य वाटू नये म्हणून हिशोबच मांडतो. मी नोकरीची सारी वर्षे लाइनवर काढली आणि त्यांतील बराच काळ डोंगराळ भागात लाकडी खांबांवर चढलो आहे.

वारा डांबाला वरून ढकलतो आणि डांब जमिनीत घट्ट धरलेला असतो, म्हणून सर्वाधिक ताण जमिनीलगत येतो. वाकताना एका बाजूचे बाहेरचे तंतू ताणले जातात, समोरच्या बाजूचे दाबले जातात आणि मधल्या लाकडावर जवळपास काहीच ताण येत नाही. गोल डांबाची वाकण सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आपल्या डांबाचा व्यास १४ वरून १० झाला. १० भागिले १४ याचा घन केला तर ०.३६ येतो. म्हणजे डोळ्यांना २ सेंमी दिसले तरी ताकद ३६ टक्केच उरली होती.

आता याच्या उलट बाजू पाहा. याच डांबाचा मधला १० सेंमी भाग कुजून पोकळ झाला असता आणि बाहेरचे २ सेंमीचे कडे धडधाकट राहिले असते, तर कागदावरच्या हिशोबाने ७४ टक्के ताकद शिल्लक राहिली असती. प्रत्यक्षात पातळ कवच दबते आणि फाटते, म्हणून पोकळ डांबावर कोणी विसंबू नये. पण बाहेरच्या कड्याचे मोल यावरून कळते. डांब उभा राहतो तो या कड्याच्या जोरावर, कुजतेही तेच कडे आणि औषध मुरते तेही त्याच कड्यात. लाकडी खांबाच्या सगळ्या शास्त्राचे मर्म मला तरी या एका गोष्टीत दिसते.

उरलेले चार डांब तातडीने तपासा. मोटारीचा पुरवठा मेन स्विचमधून बंद करा आणि डांबावर शिडी टेकवू नका. आधी बुडाभोवतीची माती हातभर खोल उकरा. मग जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत हातोडीने सगळीकडून ठोकत जा. चांगले लाकूड खणखणीत वाजते आणि हातोडी उसळून परत येते. कुजलेल्या लाकडाचा आवाज बसका येतो आणि हातोडी तेथेच थबकते. त्यानंतर जाड स्क्रूड्रायव्हर जमिनीलगत दाबून पाहा. तो सहज आत शिरला, तर तो डांब उतरवण्याच्या यादीत घाला. आवाजाबद्दल शंका राहिली, तर जमिनीलगत तिरके, खालच्या दिशेला बारीक भोक पाडून भुसा पाहतात: कोरडा, तंतुमय आणि ताज्या वासाचा भुसा चांगला, तर गडद आणि ओलसर पीठ आले तर डांब गेला असे समजावे. असे भोक औषध लावलेल्या खुंटीने पुन्हा बंद करायचे असते, नाहीतर तपासणीच कुजण्याचे निमित्त होते.

आमच्याकडे खांब तपासताना नवखी मुले मान वर करून शेंड्याकडे पाहत असत. त्यांना मी गुडघ्यावर बसायला लावत असे.

बोरीबाभूळ

मी सोलापुरात वनस्पतीशास्त्र शिकवते. डांबर असूनही लाकूड का गेले, या मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला अन्न, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी एकदम लागतात. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या आत असेल तर तिला जगता येत नाही. म्हणूनच जुन्या वाड्यांतील सागवानी तुळया शंभर वर्षांनंतरही वखारीत चांगल्या भावाने विकल्या जातात. डांबाचा वरचा भाग आपल्याकडे वर्षातील बहुतेक महिने कोरडा असतो. अगदी खोलवर ओल असते, पण हवा कमी पडते. जमिनीलगतच्या वीत-दोन विती भागात ओल, हवा आणि वाळवी या तिन्हींची सोय होते. डांब तेथेच मोडला आणि तळाचे टोक शाबूत निघाले, याचे कारण हे आहे.

वरून फासलेले डांबर लाकडात मुरत नाही, ते पृष्ठभागावर थर होऊन बसते. बल्ली ओली असताना तो थर दिला, तर आतली ओल आतच कोंडते. पुढे लाकूड वाळून आकसते, थराला केसाएवढ्या भेगा पडतात आणि पावसाचे पाणी त्यांतून आत जाते, पण बाहेर येऊ शकत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला तुम्हाला दिसलेले थेंब या कोंडलेल्या ओलीचेच होते. शेतकरी मंडळी डांबराऐवजी गाडीचे काळे ऑइल फासतात किंवा टोक जाळून घेतात, त्यांचाही उपयोग एवढाच वरवरचा असतो. जाळल्याने तर वर सांगितलेल्या मोलाच्या कड्यातील काही लाकूड आपणच नाहीसे करतो.

औषध लाकडाच्या पोटात घालायचे, तर पेशींतील हवा आधी बाहेर काढावी लागते. जॉन बेथेल याने १८३८ साली इंग्लंडमध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तीच मूळ पद्धत आजही चालते. वाळवलेले डांब लांबट पोलादी टाकीत घालून झाकण घट्ट बंद करतात. पंपाने हवा ओढून साधारण ५६ सेंमी पाऱ्याइतकी निर्वात स्थिती अर्धा तास टिकवतात. ती तशीच ठेवून टाकीत द्रावण सोडतात आणि मग दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ते १२.५ किलो इतका दाब देऊन, लाकूड आणखी द्रावण घेईनासे होईपर्यंत तो कायम ठेवतात. शेवटी द्रावण काढून थोडा वेळ पुन्हा निर्वात करतात, म्हणजे पृष्ठभागावर गळणारे द्रावण निघून जाते. दगडी कोळशाच्या डांबरातून ऊर्ध्वपातनाने काढलेले क्रिओसोट तेल वापरायचे असेल, तर १९०२ साली निघालेली र्यूपिंग पद्धत वापरता येते. तीत आधी लाकडात हवा दाबून भरतात. दाब काढला की ती हवा जास्तीचे तेल बाहेर ढकलते आणि पेशींच्या भिंतींना लागलेला लेप तेवढा उरतो. त्यामुळे तेलही वाचते आणि उन्हात खांबावरून ओघळही कमी येतात.

पाण्यात विरघळणाऱ्या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो मी वर्गात नेहमी सांगते. मोरचूद बुरशीला मारते आणि आर्सेनिक वाळवीला, हे पूर्वीच ठाऊक होते. अडचण अशी होती की पावसाने ही औषधे धुऊन जात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास त्यांत डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार मिसळला. क्रोमियममुळे तांबे आणि आर्सेनिक लाकडाच्या तंतूंत घट्ट बसतात आणि पाण्याने सहज निघत नाहीत. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाला ‘आस्कू’ असे नाव पडले. पुढे जगभर तांबे-क्रोम-आर्सेनिक, म्हणजे सीसीए, या नावाने जे औषध पसरले, त्याचे मूळ हे आहे. आपल्याकडे मोरचूद ३ भाग, आर्सेनिक पेंटॉक्साइड १ भाग आणि डायक्रोमेट ४ भाग, असे त्याचे प्रमाण रूढ झाले.

किती औषध मुरले, हे किलो प्रति घनमीटर या मापाने मोजतात. अमेरिकेत पाइनच्या खांबांसाठी सीसीए ९.६ किलो प्रति घनमीटर मुरलेले असावे लागते. तुमच्या १४ सेंमी व्यासाच्या सहा मीटर डांबाचा हिशोब केला आणि सगळ्या लाकडात औषध मुरले असे धरले, तर एका डांबाच्या पोटात पाऊण-एक किलो कोरडे औषध बसते. ब्रशने दोन हात देऊन एवढे कधीही जाणार नाही.

डेहराडूनच्याच संस्थेत लाकडाचा नैसर्गिक टिकाऊपणा तपासण्यासाठी ६० सेंमी लांब आणि ५ सेंमी जाडी-रुंदीच्या खुंट्या उघड्या जमिनीत अर्ध्या पुरून ठेवतात. १२० महिन्यांपेक्षा जास्त टिकल्यास पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकल्यास दुसरा आणि त्याहून कमी टिकल्यास तिसरा. दुकानदार ‘पक्के लाकूड’ म्हणाला, तर कोणत्या वर्गाचे, असे विचारायला हरकत नाही. मात्र हा वर्ग फक्त गाभ्याचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक. सगळी भोके, खाचा आणि शेंड्याचा उतरता काप ट्रीटमेंटच्या आधी व्हायला हवेत. ट्रीटमेंटनंतर कापल्यास आतले उघडे लाकूड बाहेर येते. डांब लांब झाला म्हणून बुडाकडून तर कधीही कापू नये.

डाळिंबवाला सांगोला

सर्वांचे लिखाण माहितीपूर्ण आहे, पण माझा स्पष्ट सल्ला वेगळा आहे. आमच्या सांगोल्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागा सिमेंटच्या खांबांवर उभ्या आहेत. ना वाळवी, ना बुरशी, ना हातोडीने ठोकत बसणे. शेतकऱ्याने औषधाचे किलो मोजण्यापेक्षा सिमेंटचे खांब घेऊन मोकळे व्हावे. विजेच्या लाइनसाठीही सगळीकडे सिमेंटचे पोल आले, ते काही उगाच नव्हे. शिवाय निलगिरीच्या बांधाने शेजारच्या पिकाचे पाणी ओढले जाते, हे आपण सगळेच पाहतो. मग तिची मागणी वाढवायची कशासाठी?

जुना लाइनमन

डाळिंबवाले, सिमेंटच्या पोलाला माझा विरोध नाही. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला, पोल नीट बनवलेला असेल, तर तो मातीत कुजत नाही, हे खरेच आहे. मात्र त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, आपटणे आणि चुकीच्या बाजूने ताण येणे. ट्रॅक्टरमधून उतरवताना पोल आपटला, की बारीक तडा जातो. तो त्या दिवशी दिसत नाही, पण त्यातून पाणी आतल्या तारांपर्यंत पोहोचते आणि काही पावसाळ्यांनी सिमेंटचा थर फुगून निघतो. बागेतले चार-पाच फुटांचे खांब आणि केबलचा ताण सोसणारा सहा मीटरचा पोल यांत फरक आहे, तेव्हा बागेचा खांब येथे चालणार नाही. लोखंडी पोलही गंजतो तो जमिनीलगतच, म्हणून त्याच्या बुडाला आम्ही काँक्रीटचे मफिंग, म्हणजे जाड वेढा, करतो. जमिनीलगतची ती वीतभर जागा कोणत्याच खांबाला माफ करत नाही.

लाकूड हलके असते, दोन माणसे खांद्यावरून बांधापर्यंत नेऊ शकतात आणि वाऱ्यात ते वाकून पुन्हा सरळ होते. जेथे गाडी पोहोचत नाही तेथे हा मोठा गुण आहे. मात्र लाकडातून वीज जात नाही, या भरवशावर कोणी राहू नये. पावसाने भिजलेल्या, धूळ बसलेल्या डांबातून धक्का बसण्याइतका प्रवाह उतरू शकतो. आणि मीटरपुढची, स्वतःची इन्सुलेशन असलेली केबल, एवढ्यापुरतेच हे सगळे बोलणे आहे. मीटरमागच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनच्या पोलाला कोणी हात लावायचा नाही.

आता रोवणी. आपल्याकडे लांबीचा सहावा भाग जमिनीत घालण्याचा प्रघात आहे. म्हणजे सहा मीटरला एक मीटर. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मी सव्वा मीटर सांगेन. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. डांबाभोवती अशी भेग पडली, की डांब सैल होतो आणि पहिल्या पावसाचे पाणी थेट बुडाशी उतरते. म्हणून खड्ड्यातून निघालेली काळी माती परत भरू नये. तळाशी वीतभर खडी टाकावी, डांब ओळंब्यात उभा करावा आणि भोवती मुरूम वीत-वीतभर टाकत, प्रत्येक थर पहारीच्या बोथट बाजूने ठासत वर यावे. वर मुरमाचा उंचवटा करून उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. लाकडी डांबाभोवती सिमेंटचा ओटा करण्याचा मोह टाळावा. लाकूड आकसले की ओट्यात पेला तयार होतो आणि पाणी साचून राहते. पहिल्या आणि शेवटच्या डांबाला ताण एकाच बाजूने असतो, तेथे विरुद्ध बाजूला स्टे, म्हणजे जमिनीत बांधलेली तिरकी ताणाची तार, द्यायलाच हवा आणि त्या स्टेच्या तारेत अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर हवा.

भीमाकाठ

थोडा वेगळा प्रश्न आहे, पण विषयाला सोडून नाही. आमच्या वस्तीवर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि काही जुन्या हिरवट डांबांचे तुकडे पडून आहेत. लाकूड चांगले जळते, म्हणून पाहुणे हुरड्याला आले की आगटीच्या कडेला शेकोटीत घालतो. घरचा पाण्याचा बंबही त्यावरच चालतो. यात काही धोका आहे का?

बोरीबाभूळ

भीमाकाठ, धोका मोठा आहे. हे लाकूड जाळणे आजपासून बंद करा.

हिरवट झाक असलेले तुकडे सीसीए दिलेले असण्याची शक्यता आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्यामुळे जळून नाहीसे होत नाही. त्याचा काही भाग धुरातून श्वासात जातो आणि उरलेला राखेत जमा होतो. त्या आगीशेजारी भाजलेल्या कणसांवर तो धूर बसतो. बंबातली राख तुम्ही भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला टाकत असाल, तर तेही थांबवा आणि जनावरे राख चाटणार नाहीत याची काळजी घ्या. स्लीपरचे काळे, वासाचे लाकूड क्रिओसोट दिलेले असते. त्याच्या धुरात कर्करोगाशी संबंध असलेली संयुगे असतात आणि उन्हात तापलेल्या अशा लाकडाला हात लागला, तर कातडी चुरचुरते. हुरडा गोवऱ्यांच्या आरावर भाजायची आपली रीतच सर्वांत चांगली आहे.

अशा तुकड्यांचा गोठ्याच्या गव्हाणीसाठी, धान्याच्या कणगीखाली किंवा मुलांच्या झोपाळ्यासाठीही उपयोग करू नये. अमेरिकेत २००३ अखेरपासून घरगुती वापराच्या लाकडाला सीसीए देणे थांबवले गेले, विजेच्या खांबांसाठी मात्र ते चालू राहिले. पेंटाक्लोरोफेनॉल हे खांबांसाठी वापरले जाणारे दुसरे औषध तर २०१५ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घातले गेले आहे.

याच कारणाने मालदांडी यांनाही सांगते, की ही द्रावणे घरी पिंपात कालवण्याच्या भानगडीत पडू नका. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण हाताळायला सौम्य असते आणि टोमॅटोच्या बांबूंसाठी किंवा छपराच्या वाशांसाठी उपयोगी पडते. पण ते पावसाने धुऊन जाते, मातीत रोवलेल्या डांबाला त्याचा आधार नाही. दाबाची टाकी असलेल्या ठिकाणाहून ट्रीटमेंट झालेला डांब विकत घेणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. ताजा ट्रीट केलेला डांब काही आठवडे आडोशाला ठेवून औषध पक्के बसू द्यावे आणि हाताळताना हातमोजे घालावेत.

वखारीतला

बाईंच्या मजकुराला एक जोड देतो. विकत घेताना नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, रंग कोणीही फासू शकतो. विक्रेत्याला डांबाच्या मधल्या भागातून, टोकाकडून नव्हे, एक तुकडा कापून दाखवायला सांगा. टोकातून औषध तंतूंच्या दिशेने कितीही आत जाते, खरी परीक्षा बाजूने किती मुरले याची आहे. फिकट कडे पूर्ण रंगलेले दिसले, तर तो माल घ्यावा. रंग दोन-चार मिलिमीटरवर थांबला असेल, तर लाकूड ओले असताना टाकीत घातले आहे असे समजा.

मालदांडी

सर्वांचे आभार मानतो आणि काय ठरले ते कळवतो.

लाइनमन काकांनी सांगितल्याप्रमाणे उरलेल्या चार डांबांचे बूड उकरून हातोडीने ठोकले. दोन खणखणीत वाजले, एकाचा आवाज जमिनीलगत बसका आला आणि चौथ्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत शिरला. ते शेवटचे दोन उतरवले. केबल तूर्त काढून ठेवली आहे. खणखणीत वाजलेल्या दोनांनाही डांबराचे कवच आहेच, म्हणून तेही पेरणीपूर्वी बदलणार आहे.

मीटरपेटीजवळचा आणि विहिरीजवळचा, असे दोन पोल सिमेंटचे घेत आहे, कारण तेथे ताण एकतर्फी आहे आणि विहिरीशेजारी जमीन बारा महिने ओली असते. मधले पाच डांब ट्रीटमेंट केलेल्या निलगिरीचे ठरवले. विक्रेत्याने मधून कापून दाखवलेल्या तुकड्यात फिकट कडे सगळीकडून हिरवे झालेले होते, गाभा मात्र कोरा होता. भोके आणि शेंड्याचा काप टाकीत घालण्याआधीच करून घेतले. प्रत्येक डांबावर बुडापासून सव्वा मीटरवर चुन्याची खूण केली आहे, म्हणजे रोवताना खोलीबद्दल वाद नको.

मुरमाची एक ट्रॉली बांधावर येऊन पडली आहे. काका, खड्डा सव्वा मीटर खोल ठेवून तळाला वीतभर खडी टाकली, तर डांब तेवढाच वर येईल, म्हणून खड्डा दीड मीटर घ्यावा असे मी धरले आहे. बरोबर आहे का, तेवढे कळवावे.

जुना लाइनमन

बरोबर आहे, दीड मीटरच घ्या. खड्ड्याची रुंदी डांबाच्या व्यासापेक्षा चहूबाजूंनी वीतभर जास्त ठेवा, नाहीतर पहार आत फिरणार नाही आणि खालचे थर ठासले जाणार नाहीत. आणि पहिला मोठा पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक डांबाभोवती फिरून मुरूम किती बसला ते पाहा. जेथे बसला असेल तेथे लगेच भर टाका.